मिश्रीचा पाव तास

"तंबाखू, गुटखा, विडी, काही?" डॉक्टरांनी विचारलं, आणि आमच्या घरातल्या तिघांनी एकदम नकारार्थी माना हलवल्या. सासूबाईंनी, सासऱ्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं. कमाल म्हणजे तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड सासूबाई रोज सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळतात, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण आमच्या घरात तिला कुणी तंबाखू म्हणत नाही. ती मिश्री, आणि ती दात घासायला असते.

"मिश्री लावतात त्या," मी म्हणाले.

शनिवार पेठेतला हा दवाखाना माझ्या माहेरच्या ओळखीचा. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग तंबाखू नाही कसं म्हणालात?"

"ती तंबाखू व्हय? दात घासायची हाय ती," सासूबाई म्हणाल्या आणि चारचौघांत मी त्यांची चहाडी केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"बाजारातून काय आणता ती करायला?"

"तंबाखूच की."

"अच्छा. म्हणजे भाजली की तिची बडीशेप होते." डॉक्टरांनी हातमोजे चढवले. "आ करा."

डाव्या गालाच्या आतून पांढरा चट्टा आला होता. तिखट लागलं की झोंबतं, एवढीच सासूबाईंची तक्रार होती, आणि तीही त्यांनी महिनोन्‌महिने कुणाला सांगितली नव्हती. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो आठवडा घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. अहवाल आला तो असा, की कॅन्सर नाही, पण पेशी बदलायला लागल्या आहेत. मिश्री पूर्ण थांबली तर चट्टा मागे हटू शकतो, चालू राहिली तर आपण कुठलीही खात्री देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पावसाळा संपला की परत दाखवायला बोलावलं.

मांजरीला, आमच्या घरी, परत येताना गाडीत सासरे सुरू झाले. "हिला किती वेळा सांगितलं." मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून एकदाही सांगितलेलं मी ऐकलं नाही. सांगितलं असेल तर ते एवढंच, की मिश्री भाजताना खिडकी उघड, ठसका लागतो.

सासऱ्यांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता. गाळ्यावर बसून त्यांनी जन्मभर चुना-तंबाखू मळून खाल्ली आणि छातीत एकदा कळ आल्यावर सोडली. तो काळ मला चांगला आठवतो, कारण सगळं घर तेव्हा चवड्यांवर चालत होतं. तलफ आली की ते भांडायला कारण शोधायचे. एका सकाळी पोह्यांत मीठ कमी म्हणून त्यांनी ताटली भिरकावली. सासूबाईंनी खाली बसून पोहे गोळा केले आणि मलाच समजावलं, "तलफ हाय ती. त्यांचं काय न्हाय त्यात." बडीशेप, ओवा, जवस, तीळ असं त्या रोज ताजं भाजून छोट्या छोट्या डब्यांत भरायच्या. एक डबी सोफ्यापाशी, एक उशाशी, एक त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. पुढे सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघानं तंबाखू सोडल्याबद्दल सासऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. ते माईकवर म्हणाले, "माणसानं एकदा मनावर घेतलं की सुटतं." टाळ्या झाल्या. ओवा भाजणारी बाई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

आता तिची पाळी आली, तेव्हा तिच्यासाठी कुणी काय भाजलं? काहीही नाही. अहवाल आला त्या संध्याकाळी नवऱ्यानं मिश्रीचा डबा कचऱ्यात टाकला आणि ती भाजायचा लोखंडी तवा भंगारात दिला. आपण आईसाठी फार कडक पाऊल उचललं, असा त्याच्या चेहऱ्यावर भाव होता. सासऱ्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये सवयींवर झालेलं एक भाषण ऐकलं. कोट घातलेला, गालाला माईक चिकटवलेला एक तरुण येऊन सांगून गेला होता, की मेंदूला रोज सूचना द्या, आरशावर चिठ्ठी लावा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या बेसिनवरच्या आरशाला चिठ्ठी लागली. "मी मिश्री लावणार नाही." अक्षर सासऱ्यांचं. तिची शपथसुद्धा यांनीच लिहिली. सासूबाईंनी ती वाचली, पाण्याचा हात लागून शाई पसरेपर्यंत रोज वाचली.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मेंदूचा धडा दर वर्षी शिकवते, आणि दर वर्षी मुलांना सांगते की सवय म्हणजे मेंदूची काटकसर. एखादी गोष्ट तीच ती, त्याच वेळी, त्याच जागी केली की विचार करणारा पुढचा भाग तिच्यातून अंग काढून घेतो आणि काम आतल्या, खोलवरच्या भागाकडे सोपवतो. मांजरीहून कॉलेजला स्कूटरवर जाताना कुठल्या चौकात वळायचं हे मी ठरवत नाही, हात आपोआप वळतात. मध्ये रस्ता खोदला होता तेव्हाही माझे हात कित्येक दिवस जुन्याच वळणाला वळत होते. तो आतला भाग तीन गोष्टी धरून ठेवतो. कशामुळे सुरुवात होते, मग काय करायचं, आणि शेवटी काय मिळतं. हा माग एकदा पडला की पुसला जात नाही. त्याच्यावर दुसरा पाडावा लागतो. सुरुवात तीच ठेवायची, मिळकत तीच ठेवायची, मधली गोष्ट बदलायची. शाल-श्रीफळ आणि चिठ्ठ्या या सगळ्यात कुठेच येत नाहीत. मनावर घेण्याचा भाग असतो, पण तो थोडा असतो आणि संध्याकाळपर्यंत थकतो.

म्हणून मी एका सुट्टीत मुद्दाम लवकर उठून पाहिलं, की सासूबाईंना मिश्रीतून मिळतं तरी काय.

तोवर त्यांनी वाण्याकडून मिश्रीची तयार पुडी आणायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी तलफेवर चघळायच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या त्यांनी आठवडाभर चघळल्या. हातापायांची तगमग कमी झाली, असं त्याच म्हणाल्या. पण सकाळ सुटत नव्हती. स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी पाट टाकून त्या बसल्या होत्या. समोर दोन इमारतींच्या मधून उसाचा एक पट्टा अजून शिल्लक आहे, तिकडे तोंड. बोट तोंडात, डोळे अर्धवट मिटलेले. आतून सासऱ्यांचा आवाज आला, "अगं, उठलीस का?" त्यांनी नुसता डावा हात वर केला. सासरे दारापर्यंत आले, त्यांनी पाहिलं, आणि म्हणाले, "बरं बरं, चालू दे." आणि परत गेले.

ते परत गेले. मी स्वयंपाकघरात उभी राहून हे पाहिलं आणि मला एकदम सगळं कळलं. मिश्री तोंडात असली की लाळ साठते, बोलता येत नाही. आणि जिला बोलता येत नाही, तिला काही विचारता येत नाही. टॉवेल कुठे, चहा कधी, गोळी कुठली, काल आलेली ती पिशवी कुठे ठेवलीस. सगळं थांबतं. मिश्री लावणाऱ्या बाईला मध्येच उठवायचं नाही, हा या घराचा जुना रिवाज. मी नंतर विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, गुलटेकडीच्या दोन खोल्यांत राहत असताना दाढ दुखायला लागली म्हणून सासूनं पहिली चिमूट त्यांच्या तळहातावर ठेवली. दाढ नंतर पडली. पण दोघी सासवा-सुना दारात बसून मिश्री लावायच्या, तेवढा वेळ घरातलं कुणी हाक मारायचं नाही. "त्यवडंच बसणं," त्या म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट मी आठवून पाहिली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासरे गाळ्यावर जात होते तोवर मिश्री दिवसातून एकदा होती. ते निवृत्त होऊन घरी बसले तेव्हापासून ती दुपारीही लागायला लागली, आणि मग संध्याकाळीही. व्यसन वाढलं, असं सगळे म्हणत होते. हाका वाढल्या, असं कुणीच म्हटलं नाही.

त्या रात्री जेवताना मी स्पष्ट सांगितलं. आईंना सकाळी पाव तास, दुपारी पाव तास बसू द्यायचं. मिश्रीशिवाय. त्या वेळात त्यांना कुणी हाक मारायची नाही. सकाळचा चहा ज्याचा त्यानं करून घ्यायचा, कारण मी साडेसहाला बाहेर पडते.

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. "आई, तू बस की. कोण नको म्हणतंय?"

"मी तर कधी अडवलं नाही हिला," सासरे म्हणाले.

बरोबर. नको कुणीच म्हटलं नव्हतं. आणि तरी पहिल्याच सकाळी, मी स्कूटरची किल्ली शोधत होते तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं. सासूबाई बाल्कनीत रिकाम्या तोंडानं बसल्या होत्या, आणि हॉलमधून आवाज आला, "अगं, पेपर आलाय का बघ." पेपर दारात होता, सासऱ्यांपासून चार पावलांवर. त्या उठल्या, पेपर दिला, परत बसल्या. नवऱ्यानं विचारलं, "आई, माझा निळा शर्ट इस्त्रीहून आला?" त्या परत उठल्या. मी ओरडले तेव्हा दोघांनी माझ्याकडे इतक्या निरागस तोंडांनी पाहिलं, की मारावंसं वाटलं. "अगं, सहज विचारलं," नवरा म्हणाला. मला तेव्हा पटलं, की सवय फक्त सासूबाईंना नव्हती. हाक मारणं हीसुद्धा सवयच होती. तिचीही सुरुवात ठरलेली, मिळकत ठरलेली. पण तिच्यासाठी कुठल्या डॉक्टरकडे तुकडा काढून पाठवायचा? तिचा चट्टा दुसऱ्याच्या गालात उठतो.

मी नवऱ्याशी भांडले. रोज भांडले असं म्हणत नाही, कारण पेपर तपासायचे होते, परीक्षा होत्या. आठवडाभर घर सुधारायचं, मग पुन्हा तेच. तो म्हणायचा, तू उगाच सगळ्याला बाईपणाचा रंग देतेस, प्रश्न तंबाखूचा आहे. मी म्हणायचे, तुझ्या वडिलांना तंबाखू सोडताना कुणी पेपर आणायला उठवलं होतं का? मग तो लॅपटॉप उघडून मीटिंगला बसायचा.

आणि मग एका रविवारी मी पाहिलं, सासूबाईंचं बोट पुन्हा तोंडात होतं. पाठमोऱ्या बसल्या होत्या, खांदा हळूहळू हलत होता. मी दारातूनच मागे फिरले. मला राग त्यांचा आला नाही. त्या दिवशी मी जे भांडं हाताला लागेल ते आपटत होते.

पाहणारी मी एकटीच नव्हते. सासरेही पाहत होते आणि ते फोनवर बहिणीला सांगत होते, "काही उपयोग नाही. रोज सकाळी बोट तोंडात. तिच्यानं नाही व्हायचं, मन लागतं त्याला." सासूबाई शेजारी बसून मटार सोलत होत्या. त्यांनी ऐकलं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आवाज बारीक करा, टीव्ही ऐकू येत न्हाय." मला वाटलं, आता त्यांनी आशाच सोडली. दिवाळीच्या आधी परत दाखवायचं होतं, आणि त्या तारखेची मला इतकी धास्ती वाटायला लागली, की कॉलेजात फळ्यावर गालाच्या पेशी काढताना माझा हात थांबायचा.

आम्ही पुन्हा चौघं गेलो. डॉक्टरांनी बॅटरी धरली, छोट्या आरशानं गाल बाजूला केला, बराच वेळ पाहिलं. मग आरसा खाली ठेवला.

"छान," ते म्हणाले. "चट्टा खूप मागे गेलाय. लक्ष ठेवावं लागेल, पण हे उत्तम आहे. कधी सोडलीत?"

"कसली सोडली, डॉक्टर," सासरे म्हणाले. "रोज सकाळी बोट तोंडात असतं हिचं. आम्ही बघतो ना."

डॉक्टरांनी सासूबाईंकडे पाहिलं. "लावता?"

"न्हाय."

"मग बोट?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग त्या आयुष्यात पहिल्यांदा, नवऱ्यादेखत, परक्या माणसाशी जरा मोठ्या आवाजात बोलल्या.

"मिश्री सोडली की. गणपतीच्या आधीच सोडली. बोट न्हाय सोडलं. बोट काढलं का ह्यांच्या हाका सुरू हुत्यात. मग नुसतंच घालून बसते."

डॉक्टर खाकरले आणि त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर उगाच काहीतरी लिहायला घेतलं. नवऱ्याचे कान लाल झाले होते. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. किती महिने ही बाई रिकामं बोट हिरड्यांवर फिरवत बसली होती. तिनं ती विषारी पूड सोडली होती, जी भले भले सोडू शकत नाहीत, आणि तिला हे कुणाला सांगता येत नव्हतं. कारण सांगितलं असतं तर तिचा पाव तास गेला असता. चांगलं केल्याचं कौतुक करून घेण्यापेक्षा, वाईट करते आहे असं घरानं समजावं, हे तिला परवडलं. तिला नालायक म्हटलेलं तिनं मटार सोलत ऐकून घेतलं. याला आपण घर म्हणतो.

परतताना सासरे गाडीत खूश होते. "शेवटी मनावर घेतलंच," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी साथ दिली म्हणून झालं, असंही म्हणाले. मी काचेतून बाहेर पाहत राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले होते. सासूबाई नेहमीप्रमाणे पाटावर बसल्या आणि त्यांनी बोट तोंडात घातलं. हॉलमधून हाक आली. त्यांनी डावा हात वर केला. सासरे दारापर्यंत आले, पण या वेळी ते परत गेले नाहीत.

"अगं, आता कशाला ते?" ते हसत म्हणाले. "तोंडात काही नाही ना तुझ्या. बोल की. चहा ठेव."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. खरं बोलल्याचं हे बक्षीस मिळालं होतं. सासूबाईंकडे लपायला एक रिकामं बोट होतं, तेही आता गेलं. कोपऱ्यावर वाण्याचं दुकान होतं, त्याच्याकडे पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात, आणि मेंदूत पडलेला माग पुसला जात नाही हे मीच वर्गात शिकवते. मी उठणार होते. सासऱ्यांना काय सुनवायचं तेही जिभेवर आलं होतं.

सासूबाईंनी बोट तोंडातून काढलं. पदराला पुसलं. आणि उसाकडेच पाहत म्हणाल्या,

"बसलीय मी."

"हो, पण चहा..."

"बसलीय म्हणते ना."

सासरे थोडा वेळ दारात उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेथी निवडायला लागले. मग ते आत आले, गॅसजवळ गेले, आणि मांडणीवरचे डबे एकेक करून उघडायला लागले. रव्याचा उघडला, मिठाचा उघडला, शेंगदाण्याच्या कुटाचा उघडला. प्रत्येक झाकण लावताना ते आमच्या दोघींकडे बघत होते. साखर कुठल्या डब्यात असते ते मी सांगितलं नाही. सासूबाईही बोलल्या नाहीत.